ताईचं नाजूक पोट

आमच्या घरातून मिरची हद्दपार झाली ती ताईच्या पोटामुळे. भाचा झाला, ताई कामावर परत गेली आणि थोड्याच दिवसांत तिने जाहीर केलं, "माझं पोट नाजूक झालंय." आईने तिथल्या तिथे सूत्रं हाती घेतली. तिखट बंद, तळण बंद, भाज्या उकडून. माझं पोट ठणठणीत असूनही चार वर्षं मी आजाऱ्याचं जेवण जेवलो. कुरकुर केली की आई म्हणायची, "बहिणीसाठी एवढंही होत नाही का तुझ्याच्याने?"

ताई बसमध्ये कंडक्टर. भाऊजी लिफ्टदुरुस्तीच्या कामावर कायम परगावी, म्हणून ती आणि भाचा आमच्याकडेच. तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. पायरीवर लटकणाऱ्या पोरांना ती म्हणायची, "आत सरका, ते दार काय सासऱ्याने आंदण दिलंय तुम्हाला?" पोरं निमूट आत सरकायची.

अशा ताईने बाळंतपणानंतर लांबची गाडी सोडून आखूड मार्ग मागून घेतला. डेपोतले लोक म्हणाले, बाई आळशी झाली. तिने ऐकून घेतलं. ताई ऐकून घेते म्हटल्यावरच आमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण आम्ही उकडलेला दुधी खाण्यात गुंतलो होतो.

या आखूड मार्गावर तिच्या गाडीच्या ड्रायव्हरना सगळा डेपो काका म्हणायचा. रिटायर व्हायला आलेला, मितभाषी माणूस. अर्ध्या वाटेवर एक पेट्रोल पंप लागायचा, तिथे ते रोज गाडी उभी करायचे. प्रवासी वैतागले की म्हणायचे, "मला साखर आहे हो. थांबल्याशिवाय इलाज नाही." मग ते पंपामागच्या शौचालयाकडे जायचे आणि पाय मोकळे करायच्या निमित्ताने ताईही उतरायची.

ताईला पुन्हा दिवस गेले. तपासणीला आई बरोबर गेली आणि पिशवी धरायला मी. डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, "पहिलं बाळंतपण कसं झालं?"

उत्तर आईने दिलं. "अगदी सहज. चार किलोंचं पोर, पण हिने हूं की चूं केलं नाही." हे वाक्य आईने इतक्या नातेवाइकांना ऐकवलं होतं की आता ते झोपेतही तिला म्हणता आलं असतं.

"नंतर काही त्रास?"

"पोट जरा नाजूक आहे. मी पथ्य सांभाळते ना."

बाईंनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितलं. आई बाकावर येऊन टेकली. "मला बाहेर काढलं," ती म्हणाली. विनातिकीट पकडल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

त्या संध्याकाळी भाच्याच्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ताईने सांगितलं. मी उठायला लागलो तर म्हणाली, "तूही बस. परत परत सांगणं मला जमणार नाही."

पहिल्या वेळी मूल बाहेर येताना तिला मागपर्यंत फाटलं होतं, थेट शौचाचा ताबा ठेवणाऱ्या स्नायूपर्यंत. टाके घातले, पण स्नायू नीट जुळला नाही. घाई झाली की तिला थांबवता यायचं नाही. नाजूक पोट ते हेच. तिच्या पिशवीत कायम एक जादा युनिफॉर्म असायचा. आम्हाला वाटायचं, टापटिपीची आवड.

"मग मला सांगायचं की गं," आई म्हणाली.

"कधी सांगू? तू सगळीकडे सांगत होतीस, किती सहज झालं म्हणून."

आई उठली आणि बंद असलेला गॅस पुन्हा बंद करून आली.

आता ताईला ठरवायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या होत्या. नैसर्गिक बाळंतपणात कदाचित काहीच होणार नाही, कदाचित आहे तो ताबाही जाईल. ऑपरेशनने जुनं दुखणं बरं होणार नाही, वाढायची भीती मात्र कमी होईल. शिवाय पोटावर जखम आणि काही आठवडे भाच्याला उचलायचं नाही.

भाऊजी रजा काढून आले. म्हणाले, "तू म्हणशील तसं."

"मला कळत असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?" ताई म्हणाली. भाऊजींनी आख्खा दिवस आमचा पंखा दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता.

आईने हळूच सुचवून पाहिलं, "या खेपेला मूल लहान असेल. सहज होईल."

"सहज हा शब्द या घरात परत काढू नकोस."

गंमत म्हणजे ताईलाही मनातून नैसर्गिकच हवं होतं. "एकदा ते नीट करून बघायचंय," ती मला म्हणाली. "घाई न करता, सांभाळून घेणारं कुणीतरी हाताशी असताना. म्हणजे पहिल्या वेळची आठवण तरी पुसली जाईल."

मग एक दिवस काका रजेवर गेले. बदली ड्रायव्हर तरणा, गाडी वेळेत नेण्याचा भारी अभिमान असलेला. पंपापाशी ताईने घंटी मारली, पुन्हा मारली, शेवटी पुढे जाऊन म्हणाली, "थांबवा."

"इथे थांबा नाही, मॅडम. पुढे घेतो."

पुढे घेईपर्यंत उशीर झाला होता. ताई घरी आली ती पिशवीतला युनिफॉर्म घालून. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "ऑपरेशन करा. आहे त्यात काडीचीही भर पडलेली मला चालणार नाही."

मुलगी झाली, धडधाकट. सगळे खूश झाले, ताईही. पण बाळाला पाजताना मध्येच म्हणायची, "त्या दिवशी काका असते तर मी वेगळं ठरवलं असतं का रे?" मला काय ठाऊक. जखम भरल्यावर तिला स्नायूचे व्यायाम शिकवायला एक बाई आल्या. थोडा फरक पडतोय. त्यांनी विचारलं, "पहिल्याच वेळी का नाही बोलावलंत? तेव्हा सुरू केलं असतं तर पुष्कळ सोपं गेलं असतं." ताईने आईकडे पाहिलं नाही. आईनेच मान खाली घातली.

काका बाळ बघायला आले. आईने त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला आणि मिठाईची बशी दूर सरकवली. "तुम्हाला साखर आहे ना."

काकांनी बशी ओढून दोन तुकडे तोंडात टाकले. "ती फक्त ड्युटीवर असते," ते म्हणाले आणि बाळाकडे बघत बसले.

ते गेल्यावर आई बराच वेळ ती बशी हातात धरून उभी होती. मग तिने मला मिरच्या आणायला पिटाळलं. संध्याकाळी भाजी झणझणीत झाली. चार वर्षांनी माझ्या नाकातोंडातून पाणी आलं.

"तिखट झालंय का गं?" आईने ताईला विचारलं.

"नाही."

"इतकी वर्षं मी उगाच..." आई म्हणाली आणि थांबली.

ताईने "असू दे" म्हणावं असं मला फार वाटलं. तिने वाटी पुढे केली आणि आणखी भाजी वाढून घेतली.