पाटीवरचा पासवर्ड

आत्या पडदे शिवते. माप घेण्यापासून कड्या बसवण्यापर्यंत सगळं एकटीच. जिन्यात तिची पाटी होती: ‘पडदे शिवून मिळतील’, खाली फोन नंबर. वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी ती चारचौघांसमोर स्वतःच्या हाताने उपटली. "ही राहायची इमारत आहे, बाजार नाही." आत्याने पाटी निमूट मशीनमागे ठेवली. ती माप विसरत नाही. अपमान तर नाहीच.

पुढे घरचं वायफाय रडत चालू लागलं. गिऱ्हाइकाला व्हिडिओवर कापड दाखवताना चित्र गोठायचं. एका नाट्यगृहाचं मोठं काम असंच हातचं गेलं. त्या दिवशी मशीनवरचं झाकण निघालं नाही.

नेट बसवणाऱ्याने येऊन राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. आत्याचा फोन, माझा लॅपटॉप. खाली ‘सेक्रेटरी टीव्ही’, ‘सेक्रेटरी लॅपटॉप’.

"पासवर्ड काय ठेवलाय, आत्या?" मी विचारलं.

"माझा फोन नंबर. विसरायला नको म्हणून."

"म्हणजे पाटीवरचाच?"

आत्याचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. पाटी डोळ्यांत खुपली, नंबर मात्र गोड लागला होता.

"लगेच बदलतो," नेटवाला म्हणाला.

"नको. मला शिकव. कधी बदलायचा ते मी बघते."

त्याने दोन्ही बदलायला शिकवले: वायफायचा पासवर्ड, आणि राउटरच्या आत शिरण्याचा, जो अजून कंपनीनेच दिलेला होता.

रविवारी सहाला इमारतीची ऑनलाइन सभा होती. विषय, घरगुती धंदे बंद करणे. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "तर मी ठराव मांडतो की..." आत्याने बटण दाबलं. आम्ही नव्या पासवर्डने परत सभेत आलो. ते आले नाहीत.

पाचच मिनिटांत दारात हजर. "अहो, नेट गेलं का इमारतीचं?"

"माझं आहे की. तुमचं कुठलं होतं?"

आत्याने फोनमध्ये काढून ठेवलेला यादीचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. "सभा अजून चालू आहे. तिथे दाखवू, की पाटी लावताय? भोक कुठे होतं ते तुम्हालाच ठाऊक."

हातोडीही तिनेच दिली. पाटी लागली. आत्या दोन पायऱ्या खाली उतरली, मान कलती करून बघत राहिली.

"तिरकी आहे," ती म्हणाली. "काढा. परत लावा."

पाटी सरळच होती.