खोली क्रमांक चौदा

चौदा नंबरच्या खोलीवरच्या शिपाई मावशींनी बावीस वर्षं एकच काम चोख केलं: दार उघडायचं, फळा पुसायचा, दार लावायचं. मग विद्यापीठाने नवी पद्धत आणली. सर वर्गात शिकवणार, समोर कॅमेरा. वाटेल त्याने बाकावर बसावं, वाटेल त्याने मोबाईलवर ऐकावं. झालं! बाकांवर चिटपाखरू उरलं नाही.

बरं, मुलं घरी होती म्हणावं, तर तेही नाही. साठ-पासष्ट मुलं वर्गाबाहेरच्या जिन्यावर दाटीवाटीने बसून त्याच सरांना मोबाईलवर बघायची. सर शिंकले की शिंक आधी दारातून ऐकू यायची, मग मोबाईलमधून.

"अरे, चार पावलांवर वर्ग आहे. आत बसायला काय धाड भरते?"

"आत सर प्रश्न विचारतात, मावशी."

"मग घरी बसा!"

"घरी आई कामं सांगते."

"सर छान शिकवतात हो," एक चष्मेवाली म्हणाली, "फक्त त्यांचा आवाज बारीक करता आला पाहिजे."

मावशींना हसू सुचत नव्हतं. सोमवारी पाहणी समिती येणार होती. चौदा नंबरमध्ये वीस डोकी दिसली नाहीत तर खोली बंद आणि मावशींची बदली तळघरात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोठारात. मावशींना दमा. त्या धुळीत आठ दिवस काढणंही कठीण.

"एक दिवस आत बसा रे."

"बसू की! तुमच्यासाठी काहीपण, मावशी!"

सोमवारी सगळी जिन्यावरच.

"अहो, आज पाहुणे येणार, म्हणजे सर जास्तच प्रश्न विचारणार!"

एवढ्यात फाटकात गाडी थांबली. मावशींनी डब्यातला चमचा काढला, त्याच्या टोकाने दारावरच्या पाटीचे स्क्रू फिरवले आणि पाटी जिन्याच्या कठड्याला दोरीने बांधली.

समितीच्या प्रमुखबाईंनी पाटी पाहिली, मग पायऱ्या पाहिल्या. "चौदा नंबर हाच का?"

"पाटी काय म्हणते?" मावशींनी उलट विचारलं.

पाटीपुढे कुणाचं चालतं! त्रेसष्ट डोकी मोजली गेली. "वर्गातही हजर आणि ऑनलाइनही हजर!" प्रमुखबाईंना गहिवरून आलं. खोली कायम झाली, मावशीही कायम. वर लेखी हुकूम आला, की चौदा नंबरला रोज संध्याकाळी कुलूप लागलंच पाहिजे. म्हणून जिन्याला चौकट आणि दार बसवलं. आता वरच्या मजल्यावर जाणारे कुलगुरूसुद्धा दारात थांबून "आत येऊ का?" विचारतात.

सरांना जिन्यावर शिकवणं भाग पडलं. जिनाच वर्ग झाल्याबरोबर मुलं तिथून उठली आणि बिनपाटीच्या जुन्या खोलीत, बाकांवर, शिस्तीत जाऊन बसली. तिथून ती सरांना मोबाईलवर बघतात.

सरांना मात्र प्रश्न विचारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि समोर एकट्या मावशी. त्या तिसऱ्या पायरीवर बसून उत्तरं देतात. बावीस वर्षं दारात उभं राहून ऐकलेलं वाया थोडंच जातं! निम्मी बरोबर येतात. दमाही हल्ली बरा आहे.