रागाचा सराव

ड्रेस्डेनच्या एका संग्रहालयात जपानी नटांच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं, लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचं. संगणकाच्या चिपच्या कारखान्यातली आठवड्याची धावपळ संपवून मी शनिवारी एकटीच बघायला गेले. तिथे सत्तरीची एक जर्मन बाई बाकावर बसली होती. समोरच्या चित्रातला नट डोळे तिरळे करून, ओठ मुरडून रागाने बघत होता आणि बाई त्याला चक्क वेडावत होती. मला हसू आलं.

तेवढ्यात तिने मान वळवली आणि माझं हसू थिजलं. तिचा अर्धाच चेहरा रागावला होता. डावी बाजू ओघळलेली, मेणासारखी निपचित होती.

"पक्षाघात झाला होता," ती सावकाश म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आरशासमोर व्यायाम करा. पण आरशात मीच दिसते ना! ते बघवत नाही. म्हणून याच्याकडे येते." मग तिने विचारलं, "खरं सांगा, मी रागावलेली दिसते?"

"नाही," मी म्हटलं. "अर्धाच राग दिसतो."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ती खूश झाली. "घरी सगळे उगाच हो म्हणतात."

तिने मुठी आवळल्या, श्वास रोखला आणि एकदम माझ्याकडे बघितलं. डावी भुवई थरथरली आणि वर चढली. मी इतकी दचकले, की एक पाऊल मागेच सरले.

मला घाबरलेलं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला घाबरवून इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.