खंदकाकाठचा झाडू

नागेदिली एकदा नाही म्हणाली की नाहीच, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवऱ्याने शहरात चल म्हणून टुमणं लावलं होतं. ती नाही म्हणाली. या किनाऱ्यावरच्या गुना लोकांत नवराच बायकोच्या आईकडे नांदायला येतो, त्यामुळे त्यालाही मुकाट्याने नारळ उतरवत बसावं लागलं. पुढे तिने तीन मुली वाढवल्या आणि मधली, इनादिली, बाळंतपणात गमावली.

त्याला अकरा वर्षं झाली. रोज उजाडताच ती होडी वल्हवत समोरच्या किनाऱ्यावर, नदीकाठच्या मसणवटीत जायची. लेकीच्या मातीवर झावळ्यांचं छप्पर होतं. त्याखालचा पाला झाडायचा, कोकोची वाटी ठेवायची आणि मग गावातल्या उखाळ्यापाखाळ्या सांगत बसायचं. ताप असो की पाऊस, तिने एकही खाडा होऊ दिला नव्हता.

आता गावच हलायला निघालं होतं. समुद्र चुलीपर्यंत येऊ लागला होता, तेव्हा हलण्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो कुठे याचा: नदीकाठी, मसणवटीजवळ, की आणखी कुठे. शाळेचे मास्तर एलिसिओ यांनी सभागृहात किनाऱ्यावरचं, समुद्रात घुसलेलं गोऱ्यांचं टोक सुचवलं. तीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून आलेल्या गोऱ्यांनी तिथे शहर वसवायचा घाट घातला होता. शेकड्यांनी मेले, उरलेसुरले पळाले. मागे राहिला तो प्रवाळ फोडून खणलेला एक खंदक.

"जागा उंच आहे, बंदर आयतं आहे, नदीपेक्षा डासही कमी," मास्तर म्हणाले.

सायला, म्हणजे गावचे प्रमुख, झुल्यात पडून ऐकत होते. सभेत कुणी पेंगू नये म्हणून नेमलेला माणूस रिवाजाप्रमाणे "झोपू नका" असं ओरडला, तेवढ्यात नागेदिली उभी राहिली.

"मी जागीच आहे, झोपलाय तो मास्तर. त्या बंदरात शिरता येतं. वाऱ्याच्या महिन्यांत दुपार टळेपर्यंत बाहेर पडता येत नाही. मग मी सकाळी लेकीकडे जाऊ कशी?"

"मावशी, आता इंजिनं आहेत."

"आहेत ना. कोलंबियावाल्यांची पेट्रोल आणणारी बोट तीन आठवडे आलेली नाही. तुझ्या इंजिनावर कोंबड्या बसतात."

सभेत हशा पिकला. मास्तरांचे कान लाल झाले. सायलांनी आपला कारभारी मानिगिन्या याला सांगितलं, की उद्याच जाऊन बघा.

"पहाटे जाऊ," नागेदिली म्हणाली. "टोक बघू, आणि तिथून मला नदीवर पोचवा. ऊन डोक्यावर यायच्या आत पोचवलंत, तर मी या सभेत पुन्हा तोंड उघडणार नाही."

ही पैज गावाला भलतीच आवडली.

पहाटे वारा पाठीशी होता. शीड भरलं आणि होडी बंदरात अलगद शिरली. मास्तर खुशीत होते. खंदकाच्या काठाने पावलं टाकत त्यांनी शाळा कुठे, सभागृह कुठे ते दाखवलं. मानिगिन्या माना डोलावत होता. नागेदिली एका दगडावर बसून राहिली. तिला त्यातलं काही बघायचं नव्हतं.

"झालं असेल तर निघा," ती म्हणाली.

तिघांनी वल्ही घेतली. बंदराच्या तोंडाशी उत्तरेच्या वाऱ्याने होडी आडवी केली आणि मागे लोटली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला मास्तरांच्या तळहातांची सालटी निघाली. मानिगिन्याचं लक्ष मात्र नागेदिलीकडे होतं. पैज जिंकायची म्हणून ती अंग चोरेल असं त्याला वाटलं होतं. पण सगळ्यात जीव तोडून वल्हवत होती ती तीच. ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या. तिला जिंकायचं नव्हतं, तिला पोचायचं होतं.

ऊन डोक्यावर आलं. दुपारनंतर मसणवटीत कुणी जात नाही. नागेदिलीने वल्हं खाली ठेवलं.

होडी पुन्हा काठाला लागली. तिने होडीतला झाडू उचलला, खंदकाजवळ गेली आणि वाकून पाला झाडायला लागली.

"मावशी, इथं कोण आहे तुझं?" मास्तरांनी विचारलं.

"कुणी नाही. इथं मेलेल्या त्या गोऱ्यांचं तरी कुठे कुणी आहे? तीनशे वर्षांत यांच्यावरचा पाला कुणी काढला नाही." तिचा आवाज फाटला. "माझी पोर आज तशीच राहिली रे. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नुसतं हातावर हात ठेवून बसवत नाही मला."

ती रडत होती आणि झाडतही होती.

"तुझी आई तिच्याच शेजारी आहे," ती न बघताच म्हणाली. "तू शाळेच्या घाईत असतोस, म्हणून तिच्यापुढचंही मीच झाडते. तीही आज तशीच असेल."

मास्तर खाली बसले आणि हातांनीच पाला गोळा करू लागले. मानिगिन्याने तोंड फिरवून समुद्राकडे पाहिलं.

तिन्हीसांजेला वारा पडला तेव्हा ते घरी आले. त्या रात्री सभेत नागेदिलीला तोंड उघडावंच लागलं नाही. मास्तर उठले, सोललेले तळहात सायलांपुढे धरले आणि म्हणाले, "नदीकाठीच जाऊ. डास सोसू."

दुसऱ्या दिवशी ती होडी सोडायला गेली तर धक्क्यावर मास्तर उभे. हातात कोरा करकरीत झाडू. झाडणं हे बायकांचं काम, त्यामुळे विहिणीबाईंपुढे सापडल्यासारखे ते अवघडले होते.

"पुढे बस," नागेदिली म्हणाली. "आणि हलू नकोस, उलटवशील."

नदीकाठी पोचल्यावर तिने दोन दिवसांचा पाला काढला आणि कोकोची वाटी ठेवली. शेजारच्या छपराखाली मास्तर चुकतमाकत झाडत होते.

"काल खाडा झाला," ती लेकीला म्हणाली. "रागावली असशील. पण ऐक, आम्ही सगळे इथं तुझ्याजवळ राहायला येतोय."