काकूंच्या घरात फोन थरथरायचा नाही

आमच्या घरमालकीण काकू एका जागी पाच मिनिटं बसल्या, असं पाहिलेला माणूस अख्ख्या लातुरात सापडणार नाही. भाकरी थापता थापता त्या फाटकापर्यंत जाऊन येत, झोपताना चपला उशाशी ठेवत, आणि दाराला कडी म्हणून लावत नसत. भूकंपात त्यांचं औशाकडचं घर गेलं, तेव्हापासून भिंतींवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. क्लाससाठी गावोगावहून आलेल्या आम्हा मुलींना त्यांनी खोल्या दिल्या त्या एकाच अटीवर: फोन व्हायब्रेशनवर ठेवायचा नाही. एकदा कुणाचा तरी स्टीलच्या ताटाशेजारी थरथरला, तर काकूंनी आम्हा सगळ्यांना दंडाला धरून रस्त्यावर काढलं. गॅसवरचं वरण करपलं ते करपलंच. त्यामुळे सगळ्यांचे फोन मोठ्यानं वाजत, आणि कुणाला किती मेसेज येतात, हे घरभर ऐकू येई.

त्या वर्षी माझा फोन फार वाजायला लागला. इन्स्टाग्रामवर एक मैत्रीण झाली होती. नांदेडची आहे, माझ्यासारखीच 'नीट' परीक्षेची तयारी करते, म्हणायची. आधी नोट्स पाठवल्या, मग फोटो मागितले, मी दिले. एके दुपारी जेवताना त्यातलाच माझा चेहरा भलत्याच उघड्या अंगाला जोडून आला. खाली लिहिलं होतं, 'सांगतो तिथं एकटी ये, नाहीतर हा तुझ्या वडिलांना जाईल.' त्या 'सांगतो'वर माझा घास हातातच राहिला.

"कोन हाय त्यो?" फेऱ्या मारता मारता माझ्या खांद्यावरून मेसेज वाचून काकू थांबल्या. मी मेसेज पुसायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं. "पुसू नको! मागं वरच्या खोलीतल्या पोरीनं पुसलं, मग दाखवायला काय राहिलंच न्हाई. आन् रडू नको. तू काय बी केलं न्हाईस."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी बिलोलीला माझ्या वडिलांना, अण्णांना, फोन लावला. "त्यानं सांगायच्या आधी आपुनच सांगायचं." पोलीस ठाण्यात काकूंना खुर्ची दिली, पण त्या टेबलाभोवती फिरत राहिल्या.

"मावशी, बसा की!" हवालदार म्हणाले.

"आधी लिवा."

तक्रार लिहिली गेली, खातं बंद झालं. त्यामागचा माणूस पुढे सापडला; चांगला पोरं-बाळं असलेला निघाला. पण मला भीती होती ती अण्णांची. ते त्याच संध्याकाळच्या एसटीनं आले. मला मान वर करवेना. ते एवढंच म्हणाले, "जेवलीस का, माय?"

आता काकू पुण्यात मुलाकडे असतात, लिफ्टच्या इमारतीत. मी फोन केला की 'हॅलो'च्या आधी विचारतात, "काय झालं गं?" काही नाही, सहज केला, हे त्यांना पटत नाही. मग मी भाजीचं, उन्हाचं काहीबाही बोलत राहते, त्यांचा श्वास संथ झालेला ऐकू येईपर्यंत.