महालक्ष्म्या दाराबाहेर

भाद्रपद, महालक्ष्म्या घरात आणायचा दिवस. भूम. हजर : सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू, मी. आमचे हे शेतात, फोन लागेना.

मुखवटे घेऊन आम्ही तुळशीपाशी गेलो. मांजर फराळात तोंड घालील म्हणून नणंदेनं दार ओढलं. कुलूप आपोआप लागलं. ते ह्यांच्या बोटानं उघडतं, नाहीतर पुण्याच्या दिरांच्या फोनवरून. कुलूप बसवताना दीर म्हणाले होते, "बायकांची बोटं कशाला? त्या घरातच असतात." मी मान डोलावली होती. चहाही मीच केला होता.

दिरांना फोन लावला. दारावरच्या कॅमेऱ्यातून त्यांचा आवाज आला. "दिसताय सगळ्या. रांगेत उभ्या राहा, एकेकीला आत सोडतो." त्यांच्या मागं कुणीतरी हसलं. काकूंनी मान खाली घातली.

सासूबाईंचे हात मुखवट्यानं भरून आलेले. "उघड रे बाबा, चुकलं आमचं."

"परत दार ओढणार न्हाय म्हण आधी, आई."

"न्हाय ओढणार."

घर सासूबाईंचं. लेक त्यांचा. माफी त्यांनीच मागितली. मी शेजारी उभी राहून नुसतं ऐकलं. हे मला अजून खातं.

कुलूप उघडलं. काकू म्हणाल्या, "चला गं, वेळ होतोय." मी हलले नाही.

"भावजी, फोन ठेवू नका. कुलपाचा सगळा कारभार माझ्या फोनवर द्या."

"वहिनी, सणासुदीला काय काढलंत? तुम्हाला झेपायचं न्हाय."

"शिकेन. तुमच्या मेहरबानीनं महालक्ष्मी आत येणार नाही. कारभार मिळेपर्यंत आम्ही उंबऱ्याबाहेर."

नणंद घाबरली. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मुखवटा छातीशी धरून तिथंच उभ्या राहिल्या. "मी बी हितंच हाय," म्हणाल्या. देवीला ताटकळत ठेवल्याचा दोष लागत असेल तर माझ्या माथी लागो, मी मनात म्हटलं. दिला दिरांनी कारभार. मग आम्ही आत गेलो.

संध्याकाळी कुलपात माझं बोट नोंदवलं, नणंदेचं नोंदवलं. दिरांच्या फोनवरचा हक्क काढून टाकला आणि तसं त्यांना कळवलं.

सासूबाईंचं बोट राहिलंय. उभा जन्म शेणामातीत गेला, रेषा झिजल्यात, यंत्र घेत नाही. त्या म्हणतात, राहू दे. राहू देणार नाही. उद्या दहाही बोटं लावून बघायची. एकही घेतलं नाही, तर हे कुलूप दारावरून उतरवायचं.