पितळी मुठीचं कौतुक

दुसऱ्याच्या कामात खोट काढायची मला भारी हौस. आमच्या बँकेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलाय, पण त्या उताराला लागायच्या आधी एक पायरी! मी मॅनेजरला दोनदा सुनावलं. एसटी स्टँडच्या बाकावर बसलं की माणूस घसरतोच, त्यावर तर अख्ख्या फलाटाला ऐकवलंय. नवरा म्हणतो, "तुले बाहेर नेणं म्हंजे साहेबाले तपासणीले नेणं."

मग लोहारा गावात स्वतःचं घर बांधताना मी कोणाला बोलू देते? बाथरूमच्या दाराला पितळी गोल मूठ लावली, गुळगुळीत, चकाकती. आई गेल्यापासून बाबा बाभुळगावला एकटेच होते. त्यांनी आता कायमचं आमच्याकडे राहावं, एवढीच माझी इच्छा होती. ते आले तेव्हा आधी ती मूठच दाखवली.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले ते अर्धा तास बाहेरच येईनात. शेवटी मीच बाहेरून दार उघडलं. बाबा कपडे घालून आत नुसते उभे.

"मंग बाहेर या ना! मले ऑफिसले उशीर होऊन राह्यला," मी तडकले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. म्हणाले, "मले तिकडंच करमते." मी भांडले, रडले, फुगून बसले. पण ते गेलेच.

पंधरा दिवसांनी राग गिळून बाभुळगावला गेले. बाबा चहा करायला उठले आणि कपाटाचं दार त्यांनी चक्क मनगटानं ओढलं. कडीला आईच्या लुगड्याच्या काठाचा पट्टा बांधलेला, त्यात हात घालून ओढायचं. बघते तर घरातल्या प्रत्येक दाराला तसाच पट्टा.

"हे काय सोंग, बाबा?"

"बोटं वळत नाहीत ना, बाई. दोन वर्सं झाली. शेजारीण देते गाठी मारून."

दोन वर्षं! शेजारणीला ठाऊक, आणि मला नाही. बँकेची पायरी बरी दिसली मला! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू त्या मुठीची एवढी तारीफ करून राह्यली होती. कायले बोलू?"

दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून मूठ काढली, साधी कडी लावली आणि बाबांना फोन केला.

बाबा आले. कपड्यांची पिशवी एवढीशी, दुसरी मात्र गच्च. उघडली तर काठाचे पट्टेच पट्टे, लहानमोठे.

"एवढे कायले, बाबा?"

"हा फ्रिजचा. हा कपाटाचा. हा मागच्या दाराचा," बाबा मनगटावर एकेक अडकवत म्हणाले. "मागं आलतो ना, तवा पहिल्याच दिवशी मापं घेऊन ठेवली होती."